ऋण, फेड आणि सोड : प्रभूच्या प्रार्थनेतील एका शब्दाची चिकित्सा

प्रभूच्या प्रार्थनेतील पाचवी विनंती मराठी मंडळी ‘ऋण’ या शब्दाने म्हणते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील बाराव्या वचनाच्या प्रचलित मराठी अनुवादात ऋण आणि ऋणी हेच शब्द आहेत. त्याच वचनात हिंदी शास्त्रात ‘अपराध’ आणि ‘अपराधी’ हे शब्द आढळतात. ज्या पाळकांची सर्व सेवा पुण्यात किंवा सोलापुरात झाली, त्यांना या भेदाचा विचार करण्याचा प्रसंग बहुधा आला नसेल. सौंसर आणि पांढुर्णा या पट्ट्यात, जामसांवलीच्या आसपासच्या गावांत सेवा करणाऱ्या उपदेशकास मात्र तो टाळता येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेले व हा मराठीभाषी पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. पुढे २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात समाविष्ट झाले. येथे घरात मराठी आणि शाळेत, कचेरीत हिंदी चालते. एकाच घरातील आजी आपली ऋणे सोडण्याची विनंती करते आणि शाळेतून आलेला नातू अपराधांची क्षमा मागतो. दोघांची प्रार्थना एकच आहे काय, असा प्रश्न कोणी विचारला, तर त्याला उत्तर द्यावयाचे कोणते?

आमच्या व्यासपीठांवरून दिले जाणारे उत्तर ठरलेले आहे. ऋण म्हणजे पापच, शब्द निराळा असला तरी अर्थ एक, असे सांगून उपदेशक पुढील विनंतीकडे वळतो. या उत्तरास आधार नाही असे नाही. लूकाच्या अकराव्या अध्यायात तीच विनंती ‘पाप’ या शब्दाने येते. मार्टिन लूथर याच्या १५२९ सालच्या लहान प्रश्नोत्तरावलीतही या विनंतीचे विवरण पाप याच शब्दाने केलेले आहे. तेव्हा उत्तर खोटे नाही, पण ते फार लवकर दिले जाते. ज्या शब्दाने कळपाचे कान टवकारायचे, तोच शब्द अशा रीतीने दाराबाहेर ठेवला जातो. मग मत्तयाने ऋण का म्हटले, हे विचारायला कोणी उरत नाही.

ऋण म्हणजे पाप हे समीकरण आम्हांस इतके स्वाभाविक का वाटते, याचा शोध घेऊ लागल्यास आपण युरोपच्या उत्तरेस जाऊन पोहोचतो. या भूमीतील ख्रिस्ती शिक्षण दोन वाटांनी आले. नागपुरास १८४५ साली स्टीफन हिस्लॉप आले, ते स्कॉटलंडच्या मंडळीचे होते. स्कॉच मंडळ्या ही विनंती इंग्रजीत म्हणताना ऋणाचाच शब्द वापरतात, तर इंग्लंडच्या मंडळीच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकापासून तेथे हद्द ओलांडण्याचा, आगळिकीचा शब्द रूढ आहे. दुसरी वाट स्वीडनची. स्टॉकहोम येथे १८५६ साली स्थापन झालेल्या इव्हँजेलिकल मिशनचे लोक १८७७ पासून मध्य प्रांतात आले आणि छिंदवाडा हे त्यांच्या कार्याचे एक मुख्य केंद्र झाले. या स्वीडिश मंडळींच्या मातृभाषेत ‘स्कुल्ड’ असा एक शब्द आहे. सावकाराचे देणे म्हणजे स्कुल्ड आणि केलेल्या दुष्कृत्याचा दोष म्हणजेही स्कुल्ड. ‘स्क्युल्दिग’ म्हणजे देणे लागणारा आणि दोषीही. ज्यांच्या जिभेवर हा शब्द लहानपणापासून होता, त्यांना ऋण आणि अपराध हे दोन आहेत असे वेगळे सांगावेच लागत नव्हते. त्यांनी ते समीकरण शिकविले यात नवल नाही. ते समीकरण मराठी कानालाही तसेच ऐकू येते, असे गृहीत धरले गेले, एवढेच आम्हांस तपासून पाहावयाचे आहे.

या शब्दाचा वंश मोठा आहे. चवथ्या शतकात गॉथ लोकांमध्ये बिशप वुल्फिला याने शास्त्राचे भाषांतर केले. त्याची सर्वांत प्रसिद्ध हस्तलिखित प्रत, जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी अक्षरांत लिहिलेली, आज स्वीडनमधील उप्साला येथे आहे. जर्मानिक कुळातील भाषांचा इतका जुना दीर्घ ग्रंथ दुसरा नाही. त्यात या विनंतीत ‘स्कुलन्स’ हा शब्द येतो, म्हणजे देणे लागणारे. मूळ क्रियापद ‘स्कुलन’, अर्थ देणे लागणे, बांधलेले असणे. आठव्या शतकातील संत गाल मठाच्या जुन्या जर्मन अनुवादात ‘स्कुल्ड’ हे नाम आले आहे. त्याचेच आजचे जर्मन रूप ‘शुल्ड’ आणि डच रूप ‘स्खुल्ट’. जुन्या इंग्रजीतही या नामाचे एक रूप होते, त्याचा अर्थ दोष असा होता. ते नाम इंग्रजीतून नाहीसे झाले. मात्र त्याचे क्रियापद उरले आणि ते आपल्या शाळेतील प्रत्येक पोराला पाठ आहे : ‘शॅल’ आणि ‘शुड’. ‘तू हे करावेस’ असे इंग्रजीत म्हणताना बोलणारा नकळत ‘तू हे देणे लागतोस’ असेच म्हणत असतो. जर्मानिक कुळाबाहेर लिथुएनियन भाषेत ‘स्कोला’ म्हणजे कर्ज. त्यावरून शब्दाचा आरंभ देण्या-घेण्याच्या व्यवहारात झाला आणि दोषाचा अर्थ मागाहून आला, असे मानण्यास बळकट आधार मिळतो.

उत्तरेकडील जुन्या पुराणकथांत नियतीच्या तीन देवता आहेत. त्यांतील तिसरीचे नाव स्कुल्ड. जे व्हावयाचे आहे, जे चुकविता येत नाही, ते तिच्याकडे. आपल्याकडे नियतीला ऋणको-धनकोच्या वहीतून नाव दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ते काम आपण ललाटलेखाकडे सोपविले.

जर्मानिक भाषांनी हा वारसा सारखा वाटून घेतलेला नाही, हेही ध्यानात ठेवावे. जर्मन भाषेत एकवचनी शुल्ड म्हणजे दोष आणि अनेकवचनी ‘शुल्डेन’ म्हणजे कर्जे. एका प्रत्ययाने माणूस न्यायालयातून सावकाराच्या पेढीवर जातो. डॅनिश भाषेने दोषासाठी जुना शब्द ठेवला आणि कर्जासाठी ‘गेल’ हा दुसरा घेतला, जो जर्मन भाषेतील पैशाच्या ‘गेल्ट’ या शब्दाचा भाऊ आहे. आइसलंडच्या भाषेत उलट झाले. तेथे स्कुल्ड हे मुख्यतः कर्ज राहिले आणि दोषाला वेगळा शब्द मिळाला. स्वीडिश आणि डच भाषांनी दोन्ही अर्थ एकाच भांड्यात ठेवले. जर्मन खेड्यात ‘शुल्टहाइस’ नावाचा अधिकारी असे. जो देणे चुकते करण्यास फर्मावतो तो, असा त्या नावाचा अर्थ. आपल्याकडील पाटलासारखे त्याचे काम, आणि पाटलासारखेच त्याचेही पुढे आडनाव झाले. आज ज्याला शुल्झ म्हणतात त्याचे पूर्वज वसुलीला हिंडत असत. असो.

या दुहेरी शब्दावर सर्वांत कठोर बोट ठेवले ते फ्रीड्रिख नीत्शे याने. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या नीतीच्या वंशावळीवरील ग्रंथाच्या दुसऱ्या निबंधात त्याने असे प्रतिपादन केले की, दोष ही महान नैतिक कल्पना कर्ज या अतिशय ऐहिक कल्पनेतून उपजली आहे. सावकार ऋणकोला शिक्षा करतो आणि त्याच्या वेदनेत आपले व्याज वसूल करतो, तेथे सदसद्विवेकाचा जन्म झाला, आणि ख्रिस्ती धर्माने तर देवालाच धनको केले, असा त्याचा रोख. नीत्शेच्या निष्कर्षाशी आम्ही सहमत नाही. परंतु एक गोष्ट सांगणे भाग आहे. त्याचा युक्तिवाद जर्मन भाषेत ऐकताना जितका धारदार वाटतो तितका मराठीत वाटत नाही. मराठीत तो मांडू गेल्यास ‘शुल्ड’ हा शब्द तसाच ठेवून तळटीप द्यावी लागते. ज्या युक्तिवादाचे निम्मे बळ एका भाषेतील योगायोगावर आहे, त्याला मानवजातीचा इतिहास म्हणण्यापूर्वी थांबावे.

उलट बाजूनेही हीच अडचण येते. ऑक्टोबर १९४५ मध्ये श्टुटगार्ट येथे जर्मनीच्या इव्हँजेलिकल मंडळीच्या पुढाऱ्यांनी, नाझी राजवटीत मंडळीकडून जे झाले आणि जे झाले नाही, त्याबद्दल एक निवेदन केले. ते जर्मन भाषेत ‘शुल्डबेकेंटनिस’ या नावाने ओळखले जाते. याचे मराठी काय करावे? ‘ऋणनिर्देश’ म्हटले तर अनर्थ होईल, कारण आपल्या पुस्तकांच्या आरंभी ऋणनिर्देश म्हणजे आभार. ‘अपराधकबुली’ म्हटले तर पोलीस ठाण्याची छाया पडते. ‘दोषांगीकार’ हा शब्द आम्ही सुचवू, पण त्यात पीडितांचे काही देणे लागतो हा अर्थ उरत नाही, आणि तो त्या निवेदनाचा प्राण होता. कार्ल यास्पर्स याने १९४६ साली शुल्डच्या प्रश्नावर पुस्तक लिहिताना कायद्याचा, राजकीय, नैतिक आणि तत्त्वमीमांसेतील असे चार प्रकार वेगळे केले. एकाच शब्दाच्या पोटात एवढे सगळे असल्यामुळेच त्याला ती वाटणी करावी लागली.

येथे आमच्या बंधूंना एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. शब्दाचे मूळ सापडले की सिद्धान्त सापडला, असे मानण्याची सवय उपदेशकांत फार आहे. जेम्स बार यांनी १९६१ साली बायबलच्या भाषेच्या अर्थविचारावरील आपल्या ग्रंथात या सवयीवर सडेतोड टीका केली, आणि ती आजही ताजी आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो, त्याच्या आजोबांत नसतो. स्कुल्ड आणि संस्कृत ‘स्खलन’ यांचे ध्वनिसाम्य पाहून कोणी ‘पाप म्हणजे ठेचाळणे, कर्ज म्हणजेही ठेचाळणे’ असे तीन मुद्द्यांचे प्रवचन रचील. ते ऐकायला गोड लागेल, पण अशा कानाला लागणाऱ्या साम्यावर ईश्वरविज्ञान उभारता येत नाही.

मग मत्तयाचा शब्द आला कोठून? ग्रीक मूळात ‘ओफेइलेमाता’ हा सरळ देण्या-घेण्याचा शब्द आहे. सामान्य ग्रीक माणूस त्याने पाप म्हणत नसे. परंतु प्रभूच्या बोलीत, अरामी भाषेत, ‘होबा’ हा शब्द कर्ज आणि पाप या दोन्ही अर्थी रोजच्या वापरात होता. जुन्या कराराच्या पूर्वीच्या भागांत पाप हे मुख्यतः वाहावयाचे ओझे आहे. पुढे ते फेडावयाचे ऋण झाले. हा पालट गॅरी अँडरसन यांनी २००९ साली पापाच्या इतिहासावरील ग्रंथात तपशिलाने दाखविला आहे. म्हणजे जर्मानिक भाषांना हा दुहेरी अर्थ शास्त्राने शिकविला असे नव्हे, आणि त्या भाषांनी तो शास्त्रात घातला असेही नव्हे. दोन निराळ्या ठिकाणी दोन भाषाकुळांत तीच गाठ पडली. मराठीत ती गाठ आहे काय, एवढाच प्रश्न आता राहतो.

नामापुरते पाहिले तर, आमच्या मते, नाही. वेदकाळी ती होती. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात वरुणाला आपली ऋणे दूर करण्याची प्रार्थना आहे आणि तेथे ऋण या शब्दाला अपराधाची छटा आहे. पुढे तैत्तिरीय संहितेत जन्मतःच माणूस देव, ऋषी व पितर यांचा ऋणी असतो हा विचार आला. या ऋणाला दोष म्हणता येत नाही. जन्माला येणे हा गुन्हा नव्हे, तो संबंध आहे. मराठीने ऋण शब्दाचा हाच धागा उचलला आणि त्यात ऊब घातली. ऋणानुबंध हा आपल्या भाषेतील सर्वांत प्रेमळ शब्दांपैकी एक. ‘मी आपला ऋणी आहे’ असे म्हणणारा कृतज्ञ असतो, अपराधी नसतो. ‘आपल्या ऋणातच राहू इच्छितो’ असे सभेत सांगणाऱ्याला टाळ्या मिळतात. कर्जात राहू इच्छिणारा कोणी नाही. कर्ज हा अरबी वळणाचा शब्द सावकार, पेढी आणि सोसायटी यांच्याकडे गेला. अपराध, दोष, गुन्हा हे शब्द तिसरीकडे. गणितात ऋण म्हणजे उणे, तेवढाच काय तो रुक्षपणा त्याच्याकडे उरला. तेव्हा पुण्याच्या मंडळीत ‘आमची ऋणे सोड’ म्हणणाऱ्या सुशिक्षित माणसाच्या मनात दोषाची बोच उठत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. त्याला ते थोडे काव्यमय वाटते.

जामसांवलीच्या परिसरात मात्र याच शब्दाचा रंग वेगळा आहे. मध्य प्रदेशातील शेतकऱ्याजवळ जमिनीचे जे सरकारी पुस्तक असते, त्याचे नाव भू-अधिकार एवं ऋण पुस्तिका. बँकेत जाताना ते काखेत असते. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने जी कर्जमाफी जाहीर केली, तिचे नावही फसल ऋण माफी असे होते. संत्र्याच्या बागेचा आणि कपाशीचा भरवसा नसलेल्या या मुलखात ऋण हा शब्द काव्यमय नाही. तो शिक्क्यांचा आणि हप्त्यांचा शब्द आहे. तेथील आजी जेव्हा ‘ऋणे सोड’ म्हणते, तेव्हा ती मत्तयाच्या ग्रीक शब्दाच्या जितकी जवळ असते तितकी पुण्याची सुशिक्षित मंडळी नसते, असे आम्हांस वाटते.

तरीही दोष आणि देणे यांना बांधणारे काही मराठीत नाही, असे म्हणता येणार नाही. जर्मानिक भाषांनी ती गाठ नामात मारली, मराठीने ती क्रियापदात मारली आहे. ते क्रियापद ‘फेडणे’. कर्ज फेडतात, उपकार फेडतात, पांग फेडतात, आणि पापही फेडतात. ‘याच जन्मी फेडावे लागेल’ असे शेजारीण चिडून म्हणते तेव्हा काय फेडावयाचे ते सांगावे लागत नाही. आणि नवस फेडतात. जामसांवलीस निजलेल्या हनुमंताच्या मूर्तीच्या दर्शनाला विदर्भातून आणि छिंदवाड्याकडून लोकांची रीघ असते. दुखणे बरे व्हावे, घरातली पीडा जावी म्हणून बोललेला नवस पुरा झाला की तो फेडण्यासाठी माणूस पुन्हा येतो. त्यात एक प्रामाणिकपणा आहे आणि त्याची टवाळी करणाऱ्या उपदेशकाशी आमचे जमणार नाही. शब्द दिला तर तो पाळावा, हे स्तोत्रकर्तेही शिकवितात. आम्हांस येथे लक्ष वेधावयाचे आहे ते शब्दाकडे. या परिसरात वाढलेल्या मनात देव आणि देणे यांचा संबंध फेडणे या क्रियापदाने घडलेला आहे. फेडणारा नेहमी माणूस असतो.

पण हे सुरुवातीपासून असे नव्हते. ज्ञानेश्वरांच्या भाषेत फेडणे म्हणजे दूर करणे, सोडविणे, निरसणे. संदेह फेडला जातो, अंधार फेडला जातो. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायात समुद्राकडे निघालेली गंगा जाता जाता लोकांचे पाप आणि ताप फेडते. तेथे पाप फेडणारी गंगा आहे, पापी नव्हे. अंगावरचे वस्त्र फेडणे हा प्रयोग त्याच जुन्या अर्थाचा अवशेष. म्हणजे आपल्या भाषेत जो शब्द एके काळी मोकळे करण्याचा होता, तो शतकांच्या ओघात चुकते करण्याचा झाला.

हीच गोष्ट जर्मन भाषेत घडली आहे, आणि ती इतकी नेमकी घडली आहे की तिच्यावर थोडे रेंगाळणे आवश्यक आहे. प्रार्थनेतील क्रियापदाचा मूळ ग्रीक अर्थ जाऊ देणे, हातातून सोडणे. वुल्फिलाने त्यासाठी ‘आफ्लेतन’ हा शब्द योजला, म्हणजे सोडून देणे. संत गाल मठाच्या अनुवादात त्याच घडणीचा ‘ओब्लाझ’ आहे. या शब्दापासून मोकळीक या अर्थाचे जे नाम झाले, त्याचे आजचे रूप ‘आब्लास’. आणि आब्लास म्हणजे ती पापदंडमाफीची पत्रे, जी सोळाव्या शतकाच्या आरंभी पैसे घेऊन दिली जात होती आणि ज्यांच्याविरुद्ध १५१७ साली विटेनबर्ग येथे लूथरने आपले पंचाण्णव सिद्धान्त मांडले. स्वीडिश भाषेत त्यांना ‘आवलात’ म्हणतात, घडण तीच. ज्या शब्दाने एके काळी जर्मन शेतकरी देवाला ‘सोड’ म्हणत होता, त्याच शब्दाची आठ शतकांनी किंमत ठरली. व्यासपीठावरून धर्मसुधारणेचा इतिहास सांगताना आपण तारखा सांगतो, हा शब्द सांगत नाही. आमच्या मते तारखांपेक्षा हा शब्द अधिक सांगून जातो.

मराठी अनुवादकांनी या विनंतीत ‘फेड’ न घालता ‘सोड’ घातले, याचे श्रेय त्यांना पुरेसे दिले गेलेले नाही. सोडणे हे क्रियापद घरगुती दिसते, पण त्याला कायद्याचे हाड आहे. भाऊ वडिलोपार्जित मिळकतीतील आपला हिस्सा लेखी सोडतो, ते हक्कसोडपत्र. दान देताना हातावरून उदक सोडतात, म्हणजे आता त्यावर माझा दावा नाही. हक्कावर पाणी सोडणे हा वाक्प्रचार तेथूनच आला. यांत प्रत्येक ठिकाणी सोडणारा तोच असतो ज्याचा हक्क आहे. ऋणकोला फेडता येते, सोडता येत नाही.

याची दोन उदाहरणे मराठी वाचकाला ठाऊक आहेत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांत शिरून कर्जरोखे जाळले. तो उठाव आसपासच्या गावांत पसरला आणि १८७९ च्या दक्षिणी शेतकरी कायद्याला कारण झाला. त्या शेतकऱ्यांचे दुःख खरे होते, परंतु रोखे जळाले म्हणजे ऋण सुटले असे झाले नाही. ते कागद ज्यांच्या नावाचे होते त्यांनी ते सोडलेले नव्हते. दुसरे उदाहरण देहूचे. दुष्काळानंतर तुकोबांनी घरच्या सावकारीतील खतांची भावाशी वाटणी केली आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. तेथे कागद पाण्यात टाकणारा धनको होता. कुळे काठावर उभी राहून पाहत असतील, त्यांनी काहीही केले नाही. पाचव्या विनंतीवर प्रवचन करावयाचे असेल, तर परदेशी भाष्यांतील दाखल्यांपेक्षा इंद्रायणीचा हा प्रसंग आम्ही पसंत करू.

आता आमचा मुख्य आक्षेप. ऋण म्हणजे पाप हे समीकरण उलट दिशेने वाचले की कर्ज म्हणजे दोष असा अर्थ निघतो. जर्मन किंवा डच भाषेत तो अर्थ शब्दातच दडलेला आहे आणि त्या समाजांनाही तो जाचत असावा. मराठीत तो शब्दात नाही. तो आमचे उपदेशक बाहेरून आणून घालतात. कर्जबाजारी कुटुंबापुढे या वचनावर बोलताना उधळपट्टी, आळस, व्यसन यांची यादी वाचण्यात येते आणि शेवटी देवाची क्षमा सांगितली जाते, असे प्रवचन आम्ही एकाहून अधिक ठिकाणी ऐकले आहे. विदर्भाच्या सीमेवर, जेथे कर्जापायी माणसांनी जीव दिले आहेत, तेथे हे बोलणे केवळ अरसिक नाही, ते घातक आहे. ज्याच्या बागेवर गारपीट झाली त्याचे कर्ज हे त्याचे पाप नव्हे. मोशेच्या नियमशास्त्रात सातव्या वर्षी ऋण सोडण्याची आज्ञा अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात आहे. ती आज्ञा धनकोला आहे आणि तेथे दोषाची शंका घ्यावयाची असेल, तर ती मूठ आवळणाऱ्या धनकोविषयी घेतलेली आहे. आमच्या प्रवचनांत ती जवळजवळ नेहमी ऋणकोविषयी घेतली जाते.

यावर कोणी म्हणतील, मग हिंदीप्रमाणे मराठीतही ‘अपराध’ हाच शब्द घ्यावा, घोळ मिटेल. मराठीत तसा प्रघात काही ठिकाणी आहेही. आमचा त्याला विरोध आहे. अपराध म्हटले की विनंतीचा दुसरा अर्धा भाग, आम्ही इतरांना सोडले आहे हा, मनाच्या खोलीत बंद होतो. अपराधाची क्षमा मनातल्या मनात करता येते. ऋण सोडायचे तर वही उघडावी लागते. तेव्हा मराठी मंडळीने आपला शब्द जपावा. जेथे दोन्ही भाषांत उपासना होते, तेथे उपदेशकाने दोन्ही शब्द एकमेकांशेजारी ठेवावेत आणि एकाने दुसऱ्याला पुसू नये. आजीचा शब्द जुना म्हणून आणि नातवाचा शब्द सोपा म्हणून बाद करण्याचे कारण नाही. लूकाने स्वतः एकाच वचनात पूर्वार्धी पाप आणि उत्तरार्धी देणे लागणारा हे दोन्ही ठेवले आहेत. द्विभाषी मंडळीला याहून चांगला आधार नको.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दाखल्यात ही दोन्ही क्रियापदे समोरासमोर येतात, आणि आमच्या समजुतीप्रमाणे पाचव्या विनंतीचे खरे भाष्य तेच आहे. एका दासाला राजाचे दहा हजार तालांत देणे आहे. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. वर्षाचे तीनशे दिवस काम धरले तर हे देणे दोन लक्ष वर्षांच्या मजुरीचे होते. असा मनुष्य पाया पडून काय मागतो? तो माफी मागत नाही. मला थोडी मुदत द्यावी, मी सर्व फेडीन, असे तो म्हणतो. ग्रीक क्रियापद स्पष्टपणे परत देण्याचे, चुकते करण्याचे आहे. राजा मुदतीविषयी एक शब्दही बोलत नाही. तो त्याला मोकळे करतो आणि ऋण सोडतो, आणि येथे प्रार्थनेतलेच क्रियापद आहे. मागितली फेड, मिळाली सोड. दास बाहेर पडतो तो मात्र आपल्याला मुदत मिळाली अशाच समजुतीत असावा. कारण शंभर दिनारांचा, म्हणजे चार महिन्यांच्या मजुरीचा ऋणको भेटताच तो त्याचा गळा धरतो आणि त्याच्या तोंडून जो शब्द निघतो तो पुन्हा ‘फेड’ हाच असतो.